धागा: एक फ्रॉक, चोवीस यार्ड लेस, एक रेशमी टोपी – सातासमुद्रापार धाडलेल्या बायका

रानजाई

गेल्या महिन्यात ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरच्या होबार्टला जाणं झालं. गावाच्या वरच्या अंगाला, माउंट वेलिंग्टनच्या पायथ्याशी कॅस्केड्स फीमेल फॅक्टरी आहे. नाव कारखान्याचं, पण होता तो ब्रिटिशांनी हद्दपार करून आणलेल्या बायकांचा तुरुंग. १८२८ ते १८५६ चालला. आता उंच दगडी भिंती आणि आत मोकळी अंगणं एवढंच उरलंय. दुपार पुरती कलायच्या आत डोंगराची सावली अंगणात उतरली. शेजारून ओढा वाहतो. भिंतीला हात लावला तर ओल लागली.

तिथे माहिती सांगणाऱ्या बाईंनी कोण कशासाठी आली ते वाचून दाखवलं. चादर. शाल. मोज्यांचा जोड. रुमाल. फ्रॉक. चारपाच नावं झाल्यावर माझ्या लक्षात आलं की जवळजवळ सगळं कापडच आहे. तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही, म्हणून धागा काढतेय.

ब्रिटिशांनी १७८८ ते १८५३ या काळात सुमारे पंचवीस हजार बायका ऑस्ट्रेलियात धाडल्या. त्यातल्या निम्म्या टास्मानियात, म्हणजे तेव्हाच्या व्हॅन डीमन्स लँडमध्ये. पुरुष धरून एकूण कैदी एक लाख साठ हजारांच्या वर. बहुतेक बायकांचा गुन्हा चोरीचा आणि ठरलेली शिक्षा सात वर्षांची. सात वर्षं कागदावर. शिक्षा संपली तरी परतीचं भाडं सरकार देत नसे. पुरुष निदान खलाशी म्हणून एखाद्या जहाजावर काम धरून परतू शकत होता. बाईला तीही वाट नव्हती. म्हणजे सात वर्षांची शिक्षा बहुतेकींना जन्माचीच झाली.

काही जणींची नावं सांगते.

एलिझाबेथ बेकफर्ड. सत्तरीची म्हातारी. ग्लॉस्टर चीज चोरलं, वजन बारा पौंड, म्हणजे आपलं साधारण साडेपाच किलो. (ही एकच खायच्या वस्तूची.) कैद्यांना नेणाऱ्या जहाजांच्या पहिल्याच ताफ्यातल्या 'लेडी पेनरिन' जहाजावर तिला चढवलं.

एस्थर एब्रहॅम्स. लंडनच्या दुकानातून काळी रेशमी लेस चोरल्याचा आरोप, चोवीस यार्ड, किंमत लावली पन्नास शिलिंग. शिक्षा झाली तेव्हा पोटुशी होती. न्यूगेट तुरुंगात बाळंत झाली आणि तान्ही मुलगी पदरात घेऊन त्याच जहाजावर चढली.

मेरी ब्रॉड, लग्नानंतर ब्रायंट. कॉर्नवॉलच्या फोवी गावची, कोळ्याघरची. आणखी दोघींच्या सोबतीने वाटेत एका बाईला अडवून तिची रेशमी टोपी आणि जवळचं सामान हिसकावलं. हिला आधी फाशी सुनावली, मग सात वर्षं हद्दपारी.

हा पहिला ताफा अकरा जहाजांचा. १३ मे १७८७ ला पोर्ट्समथहून निघाला, पुढच्या जानेवारीत पोचला. कप्तान आर्थर फिलिप. निघताना बायकांचे कपडे जहाजावर आलेच नव्हते. अंगावर होतं तेवढ्यावर त्या निघाल्या आणि ते वाटेतच विरलं. रिओला फिलिपने कसावाच्या शंभर गोण्या घेतल्या (ज्या कंदाचा आपण साबुदाणा करतो तो कसावा) आणि तिथून धाडलेल्या पत्रात लिहिलं की गोण्यांचं कापड दणकट आहे, पुढे कैद्यांना कपडे करायला उपयोगी पडेल, कारण त्यांच्यातले बरेच जण जवळपास उघडेच आहेत.

कापड चोरलं म्हणून ज्यांना देशाबाहेर काढलं, त्यांच्या अंगावर घालायला गोणपाट. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही.

कुणाला याबद्दल आणखी माहिती असेल तर लिहा. कापडच का, हा प्रश्न माझा अजून सुटलेला नाही.

---

अबोली

रानजाई, फार छान सुरुवात. साबुदाण्याच्या गोणीवर थांबलेच. लिहीत राहा.

---

वकीलकाका

उत्तम धागा. कायद्याची बाजू मी मांडतो. कोर्टात चाळीस वर्षं काढली आणि हा विषय माझ्या आवडीचा आहे.

त्या काळच्या इंग्लंडात चोरीची शिक्षा चोरलेल्या वस्तूच्या किमतीवर ठरे. बारा पेन्स म्हणजे एक शिलिंग, वीस शिलिंगांचा एक पौंड. बारा पेन्सांच्या आतली चोरी किरकोळ, त्यावरची मोठी. राहत्या घरातून चाळीस शिलिंगांचा माल गेला तर फाशी. दुकानातून कुणाच्या नकळत पाच शिलिंगांचा माल उचलला तर फाशी. दोनशेच्या वर गुन्ह्यांना फाशी होती.

आता ज्युरीत बसणारी माणसं शेवटी त्याच गल्लीतली. समोर एखादी मोलकरीण उभी आहे, मालकिणीचे दोन झगे आणि चादरी नेल्यात, मालकीण म्हणते तीन पौंडांचा माल आहे. ज्युरी निकाल द्यायची: दोषी, पण माल एकोणचाळीस शिलिंगांचा. चाळिसाला एक कमी, म्हणजे गळफास टळला. ओल्ड बेलीच्या, म्हणजे लंडनच्या फौजदारी कोर्टाच्या, खटल्यांचे वृत्तान्त आता सगळे जालावर वाचायला मिळतात. त्यांत हा 'एकोणचाळीस शिलिंग' शब्द इतक्या वेळा येतो की तो आकडा नसून दयेचा अर्ज आहे असं मला वाटू लागलं.

पण गळफास टळला तर पुढे काय? १७१८ च्या कायद्याने अशा लोकांना अमेरिकेत, मुख्यतः व्हर्जिनिया आणि मेरीलँडला, धाडत. तिकडे युद्ध पेटल्यावर १७७५ नंतर ती वाट बंद झाली. तुरुंग भरले. पुरुषांना टेम्सवरच्या जुन्या जहाजांच्या सांगाड्यांत कोंडलं. मग ऑस्ट्रेलिया सुचलं. म्हणजे ज्युरीच्या दयेचं फळ ते.

कापड का, याचं उत्तर त्याच वृत्तान्तांत आहे. यंत्रावरचं स्वस्त कापड अजून घराघरात पोचलं नव्हतं. कापड महाग, त्यामुळे ते नाण्यासारखं चाले. जुन्या कपड्यांचा मोठा बाजार होता, गहाणवटीची दुकानं गल्लोगल्ली होती. सकाळी चोरलेला पेटीकोट दुपारी गहाण पडून संध्याकाळी भाकरी घरात. आणि बाईचा हात कुठे पोचत होता? मालकिणीच्या कपाटापर्यंत, वाळत घातलेल्या दोरीपर्यंत, कापडाच्या दुकानाच्या फळीपर्यंत. जिथे ती राबत होती तिथलीच वस्तू ती उचलत होती.

---

रानजाई

काका, 'जिथे राबत होती तिथलीच' हे वाचून उत्तर मिळालं. धन्यवाद. पुस्तकांतून हिंडत होते, पण धुण्याच्या दोरीपर्यंत काही पोचले नव्हते.

---

गावठाण

एक शंका. या बायका म्हणजे बहुतेक वेश्या होत्या आणि सरकारने तिकडच्या पुरुषांसाठी मुद्दाम गोळा करून पाठवल्या, असं ऐकलंय. कितपत खरं?

---

सिडनीकर

गावठाण, दोन वेगळे प्रश्न आहेत, वेगळीच उत्तरं देतो.

वेश्याव्यवसाय हा हद्दपारीचा गुन्हाच नव्हता. एकही बाई त्यासाठी धाडलेली नाही. काहींनी पोटासाठी ते केलं असेल, पण शिक्षा झाली ती चोरीची. हा शिक्का मारला तो ताफ्यावरच्या अधिकाऱ्यांनी. राल्फ क्लार्क नावाच्या लेफ्टनंटची रोजनिशी आहे. तो पानापानावर या बायकांना शिव्या घालतो, त्यांना बेड्या घातल्या की समाधान लिहितो, आणि दर चार ओळींनी इंग्लंडातल्या बायकोच्या आठवणीने रडतो. याच क्लार्कला पुढे नॉरफोक बेटावर एका कैदी बाईपासून मुलगी झाली. पण दीडशे-दोनशे वर्षं इतिहास लिहिला गेला तो अशांच्या रोजनिश्यांवरून, कारण त्या बायकांपैकी फारच थोड्यांना लिहिता येत होतं.

दुसरं, मुद्दाम पाठवल्या का? पहिल्या ताफ्यात कैदी बायका दोनशेच्याही आत होत्या, पुरुष त्यांच्या तिप्पट. फिलिपला दिलेल्या सरकारी सूचनांत तर पॅसिफिक बेटांवरून बायका आणाव्यात असंही लिहिलं होतं. फिलिपने ते केलं नाही. म्हणजे वसाहतीला बायका हव्यात ही सरकारची गरज कागदावर स्पष्ट आहे. मग १७८९ मध्ये 'लेडी जुलियाना' नावाचं अख्खं जहाज बायकांचं निघालं, सव्वादोनशेच्या आसपास. ३ जून १७९० ला सिडनीला लागलं. तेव्हा वसाहत उपाशी होती, सगळे धान्याच्या जहाजाची वाट बघत होते आणि उतरल्या या बायका. त्यांचं स्वागत काय झालं असेल ते लिहायला नको.

---

अबोली

'लेडी जुलियाना'वरच्या मेरी वेडबद्दल मी लिहू का? मुलांना इतिहास शिकवते, त्यामुळे ही पोर मला कायम आठवते.

मेरी लंडनच्या रस्त्यांवर झाडू मारून आणि भीक मागून जगणारी. वय अकराच्या आसपास. ती आणि चौदा वर्षांची जेन व्हायटिंग, दोघींनी एका आठ वर्षांच्या मुलीला शौचकूपात गाठून तिच्या अंगावरचा सुती फ्रॉक, खांद्यावरचा पदर आणि टोपी काढून घेतली. फ्रॉक गहाणवटीच्या दुकानात गेला. १४ जानेवारी १७८९ ला ओल्ड बेलीत खटला झाला. फाशी. दोघींनाही.

११ मार्चला राजा तिसरा जॉर्ज वेडाच्या झटक्यातून बरा झाल्याचं जाहीर झालं. त्या आनंदात फाशीच्या बायकांना जीवदान मिळालं, अट एकच, देश सोडायचा. एप्रिलमध्ये त्यांना कोर्टात उभं करून विचारलं तर काही जणींनी चक्क नाही म्हटलं! सेरा काउडन नावाची मुलगी म्हणाली, जन्मभर परदेशी जाण्यापेक्षा माझ्या देशाच्या कायद्याने मेलेली बरी. न्यायाधीशांना हे कळेचना. दमदाटी करून, समजावून बहुतेकींकडून होकार घेतला.

मला सेराचं ते उत्तर कळतं. फाशी डोळ्यांसमोर रोज होत होती, ती ओळखीची होती. समुद्रापलीकडे काय आहे ते कुणालाच माहीत नव्हतं.

मेरी मात्र जगली. तिकडे संसार केला, पुष्कळ मुलं झाली, १८५९ मध्ये वारली तेव्हा नातवंडं-पतवंडं धरून तीनशेच्या वर माणसं तिच्या मागे होती. ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान केविन रड तिच्याच वंशातले.

पण वर्गात हे सांगितलं की मुलं विचारतात, त्या आठ वर्षांच्या मुलीचं काय झालं? ती उघडी घरी कशी गेली? मुलांचा प्रश्न बरोबर आहे. मी पुढे काही बोलू शकत नाही.

---

सिडनीकर

माझ्या पाकिटातली वीस डॉलरची नोट. तिच्यावर मेरी रायबी. लँकेशायरची पोर, मुलाचे कपडे घालून, मुलाचं नाव लावून घोडा चोरताना सापडली. सात वर्षं. ऑक्टोबर १७९२ मध्ये सिडनीला आली. पुढे नवरा वारल्यावर सात मुलं सांभाळून जहाजं, गोदामं, जमिनी यांचा कारभार एकटीने केला.

त्याच १७९२ च्या जूनमध्ये 'अटलांटिक' नावाचं जहाज कलकत्त्याहून धान्य घेऊन सिडनीला लागलं होतं. न्यायाधिकारी कॉलिन्सने माल नोंदवलाय: तांदूळ, सोजी आणि 'ढोल'. ढोल म्हणजे डाळ! त्या वर्षी लंडनच्या गल्लीतल्या बायका ऑस्ट्रेलियात बसून डाळ-भात खात होत्या. त्यांना तो अजिबात आवडला नाही. मला मात्र दर वेळी पाट्रामाट्याला गेलं की हे आठवतं. (पॅरामाटा, सिडनीचं पश्चिमेकडचं उपनगर. इथले आपले लोक पाट्रामाटाच म्हणतात.)

---

माळरान

सगळं वाचतोय. एक गोष्ट राहिली. ही जमीन मोकळी नव्हती. सिडनीच्या किनाऱ्यावर इओरा लोक राहत होते. ताफा आल्यावर सव्वा वर्षात, १७८९ मध्ये, देवीची साथ आली आणि त्यांच्यातले बहुधा निम्म्याहून जास्त गेले. टास्मानियातल्या मूळ लोकांचं काय केलं ते तर जगाला माहीत आहे. चीज चोरणाऱ्या म्हातारीला देशाबाहेर घालवणाऱ्या सरकारने अख्खा देश उचलला. त्याला कुठल्या ज्युरीने एकोणचाळीस शिलिंग किंमत लावली?

---

रानजाई

माळरान, खरं आहे. माझ्याकडून राहिलं होतं. त्या बायकांना उतरवलं तेव्हा त्यांना कुणी विचारलं नाही आणि ज्यांच्या अंगणात उतरवलं त्यांनाही नाही.

---

तगर

मी नेहमी फक्त वाचते, आज लिहावंसं वाटलं. आपल्याकडची काशीबाई आठवली.

१८६३, पुणे. काशीबाई तरुण ब्राह्मण विधवा. जोतीराव फुल्यांचे मित्र गोवंडे यांच्याकडे स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्याने फसवलं, दिवस गेले, बाळ झालं आणि लोकलाजेपायी तिने ते मारलं. तिला जन्मठेप होऊन काळ्या पाण्यावर, अंदमानात धाडलं. तो शास्त्री पुण्यातच राहिला. याच घटनेनंतर जोतीराव-सावित्रीबाईंनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. पुढे १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मीचा खटला झाला, गुन्हा तोच. फाशी सुनावली, मग ती कमी करून हद्दपारी. त्यावर वर्तमानपत्रांतून सगळ्या बायकांनाच झोडपलं, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे लिहायला बसल्या आणि १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' आली.

चोरी आणि बालहत्या एक नव्हे, हे मला कळतं. पण कॅस्केड्सबद्दल वाचलं की तिथेही हेच दिसतं. रानजाई, तिथल्या बाळांबद्दल लिहाल का? तुम्ही टाळलंत असं वाटलं.

---

रानजाई

टाळलंच होतं, तगर. लिहिते.

कैदी बायकांना वसाहतीतल्या घरांत कामाला वाटून देत. तिथे मालकाकडून, मालकाच्या मुलाकडून, दुसऱ्या नोकराकडून किंवा आपल्या मर्जीने, कसंही, पण बाईला दिवस गेले की तिला फॅक्टरीत परत पाठवत. बाळंतपण तिथे. मूल अंगावरचं सुटलं की ते पाळणाघरात आणि आईला सहा महिने 'गुन्हेगार वर्गा'त. लग्नाविना आई झाली हाच तो गुन्हा. त्या वर्गाच्या बायकांच्या कपड्यांवर पिवळ्या कापडाचं मोठं इंग्रजी 'सी' अक्षर शिवलेलं असे. काम धुण्याचं, दिवसभर पाण्यात. शिक्षा म्हणून केस कापत. आणि तिकडे पाळणाघरात त्या ओलीत, त्या गर्दीत, मुलं मरत होती. शेकड्यांनी मेली.

बाप कोण, याची चौकशी होऊन त्याला सहा महिने धुण्याच्या टाकीवर उभं केल्याचं मी कुठे वाचलेलं नाही. तुमचा शास्त्री पुण्यात राहिला तसा हाही आपल्या घरी राहिला.

त्या भिंतींच्या आत उभी असताना माझ्याबरोबर माझी पाच वर्षांची मुलगी होती. ती मोकळं अंगण बघून धावायला लागली. मी तिला हाक मारून जवळ घेतलं. का ते तिला सांगता आलं नाही.

---

वकीलकाका

तगर, लिहीत जा. तुमच्यामुळे धागा घरी आला.

---

शिवणटिपण

मी सांगलीची. गोधड्या शिवते, शिकवते. वर कापड कापड वाचून राहवेना. त्या बायका तिकडे काही शिवत होत्या का? आणि रानजाई, 'चिंट्झ' म्हणतात ते आपलं चीटच ना?

---

रानजाई

शिवणताई, हो, चीटच. शब्द इकडूनच तिकडे गेला. आणि तुमच्या प्रश्नाची मी वाटच बघत होते, कारण शिवणाची मोठी गोष्ट आहे.

एलिझाबेथ फ्राय नावाची क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) बाई १८१३ मध्ये न्यूगेट तुरुंगात गेली आणि तिथल्या बायका-पोरांची दशा बघून हादरली. पुढे तिच्या मंडळातल्या बायका हद्दपारीच्या जहाजांवर जाऊन प्रत्येक कैदी बाईला एक पिशवी देत. त्यात शंभर सुया, दोरे, टाचण्या, कातर, अंगुस्तान आणि दोन पौंड कापडाचे तुकडे. प्रवास तीन-चार महिन्यांचा, हाताला काम राहावं, आणि उतरल्यावर विकायला काही असावं.

५ एप्रिल १८४१ ला 'राजा' नावाचं जहाज (हो, आपलाच शब्द) १८० बायकांना घेऊन वुलिचहून निघालं, १९ जुलैला होबार्टला पोचलं. तेवढ्या दिवसांत त्यांतल्या काही जणींनी एक मोठी गोधडी शिवली. सव्वातीन मीटर लांब, जवळजवळ तेवढीच रुंद, तुकडे २,८१५. मधल्या चौकोनात चिटातून कापलेले पक्षी आणि फुलं पांढऱ्यावर टाचलेली, भोवती चौकटीमागून चौकटी. खालच्या कडेला अक्षरं भरलीत: 'राजा' जहाजावरच्या कैद्यांकडून मंडळातल्या बाईसाहेबांना, आभारादाखल, आणि आम्ही उद्योगी राहिलो याचा पुरावा म्हणून. ती इंग्लंडला गेली आणि हरवली. १९८७ मध्ये स्कॉटलंडात एका माळ्यावर सापडली. आता कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. कापड नाजूक झालंय, अधूनमधूनच बाहेर काढतात.

दुसरी गोष्ट आताची. होबार्टच्या ख्रिस्टिना हेन्री यांनी जगभरातल्या लोकांकडून टोप्या शिवून घेतल्या, पूर्वी मोलकरणी घालत तसल्या कापडी. एका कैदी बाईच्या नावे एक टोपी, तिचं आणि जहाजाचं नाव भरलेली. एकूण २५,५६६.

---

शिवणटिपण

२,८१५ तुकडे हलत्या जहाजात. समईएवढ्या उजेडात. मी घरात पंख्याखाली बसून शिवते तरी मान धरते.

एक सांगा, टाके सारखे आहेत का? चांगल्या शिवणाऱ्या होत्या की शिकाऊ?

---

रानजाई

सगळ्या तऱ्हेच्या. काही भाग इतका बारीक की मशीन वाटावं, काही ठिकाणी टाके वेडेवाकडे. आणि काही जागी रक्ताचे बारीक डाग आहेत, सुई बोटात गेल्याचे.

---

शिवणटिपण

मग तिथे नवख्या पोरी बसल्या असणार. आमच्याकडे नवी मुलगी आली की पहिले आठ दिवस असेच डाग पडतात. थंड पाणी आणि मीठ लावलं की जातात, पण लगेच लावावं लागतं. जहाजावर गोडं पाणी कोण देणार त्यासाठी.

नावं शिवलीत का त्यांची?

---

रानजाई

नाही. जहाजाचं नाव आहे, मंडळातल्या बाईसाहेबांचा उल्लेख आहे, महिना आणि साल आहे. शिवणाऱ्या फक्त 'कैदी'. पुढच्या वेळी बाहेर काढतील तेव्हा कॅनबेराला जायचं ठरवलंय, मेलबर्नहून गाडीने सात तास.

---

शिवणटिपण

गेलात तर मागची बाजू बघायला मिळते का ते विचारा. गाठी कुठे मारल्यात आणि दोरा कुठे संपलाय ते मागून दिसतं. कोणता भाग एकीच्या हातचा आणि कोणता दुसरीच्या, ते मी फोटोवरूनही सांगेन.

---

रानजाई

विचारते. फोटो काढू दिले तर इथेच टाकते.